प्लॅटिनम आणि पिवळा दिवा

टी. एस. एलियटचा 'ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट' हा १९१९ सालचा निबंध एम.ए.च्या वर्गात शिकवताना आम्हांला फळ्यावर एक बंद पात्र काढावे लागते. पात्रात प्राणवायू आणि सल्फर डायऑक्साइड. त्यात प्लॅटिनमची तार असली की दोन वायूंचा संयोग होऊन आम्ल तयार होते. तार मात्र होती तशीच राहते. कवीचे मन म्हणजे ही तार, असे एलियटचे प्रतिपादन. 'उत्प्रेरक' हा शब्द त्यामुळे रसायनशास्त्राइतकाच समीक्षेचाही झाला. तार खरोखरच होती तशी राहते काय, हे मात्र वर्गात कोणी विचारत नाही. आम्हां दोघांपुढे तो प्रश्न उभा राहिला तो रेवदंडा-अलिबाग रस्त्यावर, गाडीच्या काचफलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला तेव्हा.

सेवाकेंद्राने यंत्र जोडून निदान सांगितले : पी०४२०, म्हणजे उत्प्रेरकाची कार्यक्षमता मर्यादेखाली. उपाय एकच, कन्व्हर्टर नवा. त्याची किंमत ऐकून आम्ही चहा मागवला. दुसऱ्या एका दुकानात स्वस्त तोड निघाली. आतली जाळी फोडून काढायची, मागचा सेन्सर एका नळकांड्यावर उचलून बसवायचा, की दिवा पुन्हा लागत नाही. ही सूचना इतक्या सहजतेने आली की जणू आडकाठी होती ती दिव्याची, धुराची नव्हेच!

त्या जाळीचे काम थोडक्यात सांगायला हवे. मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या चिनी मातीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अतिशय पातळ लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यावरून जाताना बरीचशी निरुपद्रवी होतात. आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना हे उपकरण सक्तीचे झाले, आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. कारण शिशाचा थर बसला की प्लॅटिनम निकामी होते. इंजिन ऑइल जळू लागले तर त्यातील फॉस्फरस तेच करतो. अतिउष्णतेने धातूचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कामाला येणारा पृष्ठभाग घटतो. एलियटची तार प्रयोगशाळेच्या पात्रात अविकारी राहिली असेल. रस्त्यावरची विषबाधेने मरते.

आमची मेली होती काय? खरी गोम इथे आहे. गाडीतील संगणक विषारी वायू मोजतच नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे प्राणवायूचे दोन सेन्सर असतात. पुढच्याचा दाब आमच्या गाडीत ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत वरखाली होतो. जाळीतील सीरियम ऑक्साइड प्राणवायू साठवते आणि सोडते. त्यामुळे जाळी धडधाकट असेल तर मागच्याची रेषा ०.६-०.७च्या आसपास संथ राहते. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की संगणक अनुमान काढतो : साठा संपला, उत्प्रेरक गेला. हे अनुमान आहे, साक्ष नव्हे. उत्तरपत्रिकेवरून विद्यार्थ्याची जाण ठरवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फरक ओळखीचा आहे.

चौलजवळच्या एका छोट्या गॅरेजातील मेकॅनिकने हा फरक मनावर घेतला. 'सर, कन्व्हर्टरला शेवटी हात लावू,' ते म्हणाले. आधी त्यांनी एखादा सिलिंडर मिसफायर करतो का ते पाहिले. ऑइल किती कमी होते ते विचारले. मग रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला सकाळी चालू करून गाडीखाली कान लावला. कन्व्हर्टर आणि मागचा सेन्सर यांच्यामधल्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडल्यावर तिथे बारीक बुडबुडे उठले. खाऱ्या हवेने बोल्ट गंजून सैल झाले होते, गास्केट एका कडेने खाल्ले गेले होते. धूर ठोक्याठोक्यांनी वाहतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. मागचा सेन्सर प्रामाणिकपणे प्राणवायू नोंदवत होता, पण तो प्राणवायू इंजिनाचा नव्हता, समुद्रकाठचा होता.

अलिबागेत ही गोष्ट नवी वाटू नये. येथील भूचुंबकीय वेधशाळा १९०४ साली उभी राहिली तीच मुळी मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्राममुळे कुलाब्याचे वेध बिघडतील म्हणून. नानाभाई मूस यांनी लगेच कुलाबा बंद केले नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे वेध घेतले गेले, म्हणजे दोन जागांच्या नोंदींतला फरक नेमका किती, हे हाती आले. ट्राम मागाहून, १९०७ मध्ये, धावली.

आमच्या गाडीला गास्केट आणि चार बोल्ट लागले. कोड पुसून दिवा घालवणे हे मिनिटाचे काम असते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. संगणकाला स्वतःची चाचणी पुन्हा पूर्ण करू द्यावी लागते. म्हणून स्कॅनर मोबाइलला जोडून आम्ही मुरूडपर्यंत गेलो. एकाने गाडी चालवली, दुसऱ्याने पडद्यावर लक्ष ठेवले. काशिदचा चढ ओलांडेपर्यंत पुढची रेषा नाचत होती, मागची संथ झाली होती. परतताना चाचणी पूर्ण झाल्याची नोंद आली. दिवा लागला नाही. लेपाचे वय झालेले असणारच, आणि कधीतरी तो कोड खराही ठरेल. मेकॅनिकने बिलाच्या मागे गास्केटचा नंबर लिहून दिला आहे. दोन पावसाळ्यांनी पुन्हा लागेल, म्हणाले.