सही करण्याआधी, सुहासला

चि. सुहास यास,

हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. मी आणि धाकटीने दुय्यम निबंधकांकडे यायचं, सह्या-अंगठे द्यायचे, फोटो काढायचा, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तू फोनवर म्हणालास. सुहास, मी सही करणार नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. शिवाय आपले वडील, नाना, गेल्यावर आपल्या घरात जो कागद आला तो कितीतरी घरांत येतो, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तू लोभी नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. नानांच्या आजारपणात रात्र-रात्र तू जागलास. माझ्या प्रत्येक अडचणीला धावून आलास. आपल्या घरात मुलींना कुणी कधी टाकून बोललं नाही, आणि तरीही जमिनीचा प्रश्न आला की मुलींनी बाजूला व्हायचं, हे सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं. ते गृहीत धरायला मायाच कामी येते. चांगली लेक कोण, तर माहेराकडे काही न मागणारी. चांगली बहीण कोण, तर भाऊबीजेच्या ओवाळणीत समाधान मानणारी. वाटा मागणाऱ्या बायकांबद्दल गावात काय बोलतात ते आपण लहानपणापासून ऐकलं आहे: भावाच्या ताटातलं ओढलं, हिचं माहेर संपलं. आईनेही मला तेच शिकवलं, तिला तिच्या आईने. त्याग, समंजसपणा, मन मोठं ठेवणं हे गुण मलाही प्रिय आहेत. मात्र सही करून मन मोठं दाखवण्याची वेळ प्रत्येक पिढीत बहिणींवरच का येते, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तू म्हणशील, लग्नात खर्च केला तोच तुझा वाटा. मामाही तेच म्हणाले. पण लग्नात दिलेले पैसे माझ्या हातात कधी आलेच नाहीत, ते सासरी गेले. तुझ्या इंजिनिअरिंगची फी आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं नानांनीच भरलं. ते तुझ्या वाट्यातून वजा करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि येऊही नये. मुलावरचा खर्च कर्तव्य धरायचा आणि मुलीवरचा हिशेबात घ्यायचा, ही वहिवाट आपण कधी तपासलीच नाही.

कायद्यालाही हे उमगायला फार काळ लागला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्कासाठी जिवाचं रान केलं, आणि बिल रखडल्यावर 1951 साली मंत्रिपद सोडलं. 1956 चा वारसा कायदा आला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मुलग्यांनाच राहिला. राहत्या घरात मुलीला वाटणीही मागता येत नव्हती, भावांनी ती करायची ठरवेपर्यंत. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहदायाद केलं, मात्र 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न त्याआधीचं, धाकटीचं नंतरचं. म्हणजे एकाच आईबापाच्या दोन लेकींत एक वारस आणि दुसरी पाहुणी. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद मिटवला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्माने येतो, 2005 साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आज आपल्या शेतात आई, तू, मी आणि धाकटी, चौघांचा सारखा चौथा हिस्सा आहे. कायदा इथवर आला, पण 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बायका चौदा टक्क्यांच्या आसपासच होत्या. उरलेलं अंतर बरंचसं अशाच अर्ध्या तासाच्या सह्यांनी राखलं आहे.

आत्याचं आठव. तिने सही केली होती, हसत, नव्या साडीत. विधवा होऊन परत आली तेव्हा नानांनी तिला माडीवरची खोली दिली, सगळ्यांनी मायेने वागवलं. तिने आपल्याच रानात तीस-एक वर्षं भांगलण केली, ऊस लावला, म्हशी सांभाळल्या. पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तिला सोसायटीचं पीककर्ज मिळालं नाही, गारपिटीची भरपाई तिच्या खात्यावर आली नाही. औषधाला पैसे लागले की ती आईकडे बघायची, आई नानांकडे. तिला कुणी छळलं नाही, सुहास. फक्त तिच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं, आणि आम्हा मुलींना मोठं होताना ते रोज दिसत होतं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन केली. ते काही परके नव्हते, आपल्यासारखेच ऊस-कांदा पिकवणारे, देवाधर्माचे, घरंदाज लोक. घराणं टिकवण्याची त्यांची तळमळ आपल्याहून कमी नव्हती.

माझा हिस्सा मी विकणार नाही. कसणारा तूच आहेस, कसत राहा. पिकातलं काय द्यायचं ते बसून ठरवू, ते मला दर वर्षी भांडून मागावं लागू नये इतकंच. धाकटीवर मात्र माझ्या नावाने दबाव आणू नकोस. तिने हक्क सोडायचाच ठरवला तर आधी स्वतंत्र वकिलाला दाखवू दे, आणि तेव्हा खोलीत तू नको, मीही नको.

वारसनोंदीच्या अर्जात आईसकट चौघांची नावं घाल. मृत्यूदाखल्याची प्रत आणि माझ्या आधारची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. तलाठ्याने बहिणींची नावं कशाला म्हणून विचारलं, तर उत्तर तू दे. तुझ्या तोंडून ते ऐकणं गावाला जास्त गरजेचं आहे.

आईला नमस्कार, वहिनीला आणि मुलीला आशीर्वाद.

तुझी,
आक्का