‘जी’चा अर्थ

मराठी माणूस परप्रांतात बदलून गेला म्हणजे तिथली भाषा तो दोन-तीन महिन्यांत शिकतो, आणि ती आपल्याला आली या समजुतीत पुढील कित्येक वर्षे सुखाने काढतो. आम्ही लखनौला रुजू झालो तेव्हा हिंदी आम्हांला उत्तम येते असा दाखला आम्हीच आम्हांला दिलेला होता. भाजीवाल्याशी घासाघीस करावी, रिक्षावाल्याशी वाद घालावा, इतपत आमचे प्रभुत्व निर्विवाद होते. एक शब्द मात्र आम्हांला फार उशिरा कळला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली. तो शब्द म्हणजे ‘जी’.

आपल्याकडचा कारकून ‘हो’ म्हणण्यापूर्वी ‘पण’ म्हणतो, आणि पुष्कळदा ‘पण’ म्हणून झाल्यावर ‘हो’ म्हणावयाचे विसरूनही जातो. लखनौच्या आमच्या कचेरीत ‘पण’ कोणी म्हणत नसे. आम्ही काही सांगितले की ‘जी’. काही विचारले की ‘जी’. आवाज चढवला की अधिकच मृदू स्वरात ‘जी, साहब’. हे एकमुखी अनुमोदन ऐकून आमची छाती फुगत असे. घरी फोनवर आम्ही सांगत असू की, इथली माणसे मोठी समजूतदार; आमचे म्हणणे त्यांना लगेच पटते.

आमच्याकडे निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांचे काम होते. २०२१ च्या अखेरीस एक तरुण कर्मचारी सेवेत असतानाच वारला. सेवा पुरती तीन वर्षांचीही नव्हती. अखेरचे मूळ वेतन ३१,००० रुपये. तो नव्या पेन्शन योजनेतला असला तरी अशा प्रसंगी कुटुंबाला जुन्या नियमांचा आधार मिळतो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पूर्वी असे होते की, मृताची सलग सात वर्षे सेवा झालेली असली तरच कुटुंबाला पहिली दहा वर्षे वाढीव दराने, म्हणजे वेतनाच्या ५० टक्के, निवृत्तिवेतन मिळे. एरवी ३० टक्के. सात वर्षांची ही अट १ ऑक्टोबर २०१९ पासून उठली. (ज्याची नोकरी नवी त्याच्या घरी शिल्लक कमी आणि मुले लहान, ही साधी गोष्ट नियमाच्या ध्यानी यावयास इतका काळ का लागला, हा निराळा विषय आहे.) अट उठल्याचे परिपत्रक आमच्या नजरेखालून गेले होते, त्यावर आमची आद्याक्षरेही होती. पण परिपत्रकावर आद्याक्षरे करणे आणि ते वाचणे या दोन भिन्न क्रिया होत, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्यांना आम्ही काय सांगावे?

प्रकरण आमच्यापुढे आले तेव्हा सवयीने आम्ही शेरा मारला : सेवा सात वर्षांहून कमी, साधा दर. आदेश निघाला, दरमहा ९,३०० रुपयांचा. निघावयास हवा होता १५,५०० चा.

चौदा महिन्यांनंतर त्या विधवेचा भाऊ कचेरीत आला. तो स्वतः दुसऱ्या कुठल्याशा खात्यात कारकून होता. नियमाची प्रत त्याने आमच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता उभा राहिला. महिन्याला ६,२०० रुपये, चौदा महिन्यांचे ८६,८००, आणि त्यावरील महागाईची रक्कम वेगळी. आदेश त्याच दिवशी सुधारला. थकबाकीही लवकरच गेली. परंतु मधल्या काळात त्या बाईने मुलाला शहरातल्या शाळेतून काढून माहेरच्या गावी घातले होते. त्याची थकबाकी कोणत्याही लेखाशीर्षाखाली निघत नाही.

भाऊ गेल्यावर आम्ही त्या प्रकरणाच्या सहायकाला बोलावले. नियम बदललेला ठाऊक होता काय?

“जी.”

“मग सांगितले का नाही?”

“जी, आपने लिख दिया था।”

अधिक चौकशी करता कळले की, आमच्या शेऱ्याखाली नवा नियम दाखवणारी टिपणी त्याने लिहिली होती. बडेबाबूंनी ती काढावयास लावली. साहेबांनी मत दिल्यानंतर खाली नियम लिहिणे म्हणजे साहेबांना शिकवणे, असे त्यांचे म्हणणे. दोघांनाही मेमो द्यावा असे आमच्या मनात आले. त्यातील दोन कडक वाक्ये जुळलीही होती. पण बडेबाबू इतकेच म्हणाले की, गेल्या वर्षी याच सहायकाला साहेब म्हणाले होते, ‘नियम मला शिकवू नका.’ आम्हांला ते आठवत नव्हते. त्यांना तारीख आठवत होती.

आमच्या मराठी रोखठोकपणाचा आम्हांला केवढा अभिमान! परंतु पुण्याच्या कचेरीत ज्या वाक्यावर समोरचा दुप्पट आवाजात उत्तर देईल, त्याच वाक्यावर लखनौचा माणूस कायमचा गप्प होतो. त्याचा ‘जी’ म्हणजे ‘ऐकले’, ‘पटले’ नव्हे. आम्ही मात्र इतके दिवस त्याचे भाषांतर ‘हो’ असे करीत होतो.

त्याच सुमारास आम्ही कुठेतरी २७ मार्च १९७७ च्या टेनेरीफच्या विमान-अपघाताची हकीकत वाचली. धुक्याने झाकलेल्या धावपट्टीवर दोन अवाढव्य विमाने आदळून ५८३ माणसे गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाच्या इंजिनियराला शंका आली होती की, दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नसावे. त्याने तसे विचारलेही. कप्तान त्या कंपनीतला नावाजलेला ज्येष्ठ वैमानिक. त्याने ठामपणे उत्तर दिले, आणि इंजिनियराने पुन्हा विचारले नाही. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमची कचेरी म्हणजे काही विमान नव्हे. पण शंका एकदाच विचारून गप्प बसणारा माणूस आम्हांला आता तोंडओळखीचा झाला होता.

मग सोमवारची बैठक सुरू झाली. सकाळी साडेदहाला अर्धा तास, चहा आमच्या खर्चाने. ज्याला जे सांगावयाचे त्याने ते सांगावे. पहिले तीन सोमवार लखनौच्या प्रसिद्ध ‘पहले आप’मध्येच गेले. धाकटा थोरल्याकडे पाही, थोरला बडेबाबूंकडे, बडेबाबू आमच्याकडे, आणि आम्ही बोललो की सगळे म्हणत, ‘जी’. चौथ्या सोमवारी आम्हांला आठवले की, लष्करी न्यायालयात मत घेताना सर्वांत कनिष्ठापासून आरंभ करण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून खालचा बदलत नाही. आम्ही तीच उचलली. आणि त्याआधी स्वतःची चूक रकमेसकट वाचून दाखवली. वाचताना आमचा आवाज नीट निघत नव्हता, हे कबूल करावयास हरकत नाही.

मग पाणी वाहू लागले. आरंभी अर्थातच गढूळ. कूलर बिघडला आहे. आवक-नोंदीला दोन दिवस लागतात. पावणेसहाला ‘तातडीचे’ म्हणून पाठवलेले कागद साहेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडत नाहीत. (हे एका विशीतल्या मुलीने सांगितले, आणि तो सबंध आठवडा आम्ही घुश्शात काढला.) बडेबाबूंना हा प्रकार मुळीच रुचला नाही. याने शिस्त जाते, असे ते म्हणत, आणि ते अगदीच चूक नव्हते. एकाने ही संधी साधून शेजाऱ्यावरचे जुने उट्टे काढावयास आरंभ केला, तेव्हा आम्हांला त्याला थांबवावे लागले, आणि पुढील दोन बैठका पुन्हा मुक्या गेल्या.

पावसाळ्याच्या सुमारास तो सहायक एका सोमवारी तीन फाइली काखेत घेऊन आला. आता फाइली संगणकावर फिरतात, पण या जुन्या, दोरीने बांधलेल्या होत्या. १ ऑक्टोबर २०१९ पूर्वीच्या दहा वर्षांत ज्यांना सात वर्षे पुरी होण्याआधी मृत्यू आला, त्यांच्या कुटुंबांनाही त्या तारखेपासून, दहा वर्षांपैकी उरलेल्या काळापुरता, वाढीव दर लागू होता. अशी तीन कुटुंबे आमच्या दप्तरात साध्या दरावर पडून होती. त्यांना त्याने शोधून काढले केव्हा, असे आम्ही विचारले. म्हणाला, दोन वर्षे झाली.

फाइली दोन वर्षे त्याच्या टेबलाच्या खणात होत्या. आम्ही काही बोललो नाही. बडेबाबूंनीच त्या उघडल्या, चष्मा पुसला आणि रकमा मोजावयास घेतल्या. चहा निवून गेला.

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. मध्यंतरी बडेबाबूंना फोन केला, प्रकृतीची विचारपूस झाली, आणि निघता निघता आम्ही विचारले, सोमवारची बैठक चालू आहे ना?

“जी,” ते म्हणाले.

आधी कोण बोलतो, असे आम्ही विचारले. पलीकडे जरा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी सौभाग्यवतींची आणि मुलांची खुशाली विचारली.