वजनाचा काटा आणि वल्ह्याचं पाणी

मी भातकुलीची. अमरावतीपासून जवळच, पण मुलूख खारपाणपट्ट्याचा. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट, पिकाला द्यायची सोय नाही. तूर, कपाशी, हरभरा सगळं पावसाच्या भरवशावर. अशा गावातली मुलगी पुण्यात येऊन होडी वल्हवते म्हटल्यावर लोक हसणारच! अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये 'रो, रो, रो युअर बोट' घोकलं होतं, पण खरं वल्हं हातात आलं ते सीओईपीच्या बोट क्लबवर. १९२८ साली सुरू झालेला हा क्लब. रेगाटाच्या मशाली बघायला आपण सगळेच नदीकाठी गर्दी करतो. मी मात्र पहाटेच्या जलपर्णीच्या वासासकट त्या मुळा नदीच्या प्रेमात पडले. आधी पोहायला शिकले, मग बोटीत बसले.

तेव्हा माझं वजन होतं ६९ किलो. हॉस्टेलची कृपा! रात्री बाराला मॅगी, सबमिशनच्या आदल्या रात्री वडापाव, आणि 'एक कटिंग' म्हणत म्हणत दिवसाला पाच चहा.

रोइंगमध्ये लाइटवेट नावाचा गट असतो. मुलींसाठी मर्यादा ५९ किलो, आणि जोडीची बोट असेल तर दोघींची सरासरी ५७. मुलांसाठी हेच आकडे ७२.५ आणि ७०. ऑलिंपिकमध्ये हा गट १९९६ ते २०२४ पर्यंत होता. माझी पार्टनर ५५ च्या आत, म्हणजे मला ५९ गाठायचेच.

वजन का कमी हवं, ते आर्किमिडीजला विचारा. आपल्या अंगावरचा प्रत्येक जादा किलो एक लिटर पाणी जास्त बाजूला सारतो. बोट तेवढी खोल बसते, पाण्याशी घासणारा भाग वाढतो, म्हणजेच ड्रॅग वाढतो. पण मित्रहो, गणिताची दुसरी बाजूही आहे. बोट ओढतात स्नायू, आणि त्यातही पाय जास्त. चरबीबरोबर स्नायूही गेले तर हलकी बोट ओढणार कोण?

म्हणून उपासतापास केले नाहीत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज चारशे-पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. बस्स, तेवढंच. पहाटे पाण्यावर दीड तास, संध्याकाळी अर्गोमीटर नाहीतर स्क्वॉट्स. मेसमध्ये भात अर्धा, उसळ दुप्पट, दोन अंडी, ताक. साखरेचा चहा बंद, मॅगी बंद. प्रॅक्टिसनंतर पोहे मात्र पोटभर, कारण भुकेल्या पोटी कुणी वल्हं मारत नाही. रूममेट रात्री कुरकुरे फोडायच्या तेव्हा मी कानावर उशी घेऊन झोपायचे. हसू नका, तो आवाज फार वाईट!

दिवाळीत घरी गेले तेव्हा ६४ वर आले होते. आजीनं दारातच तोंडावरून हात फिरवला. "काय व माय, तिथं खायाले देत नाही का तुले? हाडं दिसून राह्यली पोरीचे!" लगेच रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. एक रोडगा आनंदानं खाल्ला. दुसऱ्याला नाही म्हटलं तर आजी दिवसभर बोलली नाही. शेजारच्या काकू उलट खूश. "बरं झालं बारीक झाली, आता स्थळं पाहाले हरकत नाही." मग माझ्या खांद्यांकडे बघून म्हणाल्या, "पण हे खांदे काहून असे पोरासारखे?" एका पोरीचं अंग, पण त्यावर मत सगळ्या गल्लीचं! बाबा तेवढे हळूच म्हणाले, "खांदे राहू दे. कामाचे आहेत."

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. स्पर्धेला चार दिवस उरले आणि काटा ६०.४ वर अडून बसला. ओळखीतल्या एकीनं उपाय सांगितला: दोन दिवस पाणी बंद, रेनकोट घालून पळायचं, घाम काढायचा. दुसऱ्या एका संघातल्या मुलीनं असं केलेलं मी पाहिलं होतं. काट्यावर ती पास झाली, पण शेवटच्या पाचशे मीटरमध्ये तिच्या हातातून वल्हं सुटलं. तिला उचलून काठावर आणावं लागलं. वजन होतं शर्यतीच्या एक-दोन तास आधी. तेवढ्या वेळात गमावलेलं पाणी पुरतं भरून निघत नाही. रक्तातलं पाणी कमी, हृदयावर ताण जास्त. खारपाणपट्ट्यातल्या मुलीला पाण्याची किंमत कुणी शिकवायची?

मी सरांना सांगितलं, मी ओपन गटात बसते. माझी लाइटवेटची जागा ज्युनिअरला गेली. त्या दोघींना पदक मिळालं. आमची चौघींची बोट चौथी आली. काठावरून टाळ्या वाजवताना घशात काही अडकलं नाही असं म्हणणार नाही. पण अर्गोमीटरवर दोन हजार मीटरला जुलैत मला ८ मिनिटं ५८ सेकंद लागायचे, ते आता ८ मिनिटं १४ वर आले आहेत. हे ४४ सेकंद कुठल्याच काट्यावर दिसत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावात विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण जिंकलं. विहीर खोदून कमावलेले खांदे त्याला पाण्यावर उपयोगी पडले असतील, असं मला आपलं वाटतं.

असो. पुढच्या वर्षी ५९ होईल की नाही, माहीत नाही. झालं तर घास मोजून होईल, तहान मारून नाही. सध्या वजन ६०.९ आहे. पहाटे साडेपाचला नदीवर असते. ज्यांना यायचंय त्यांनी या, येताना पाण्याची बाटली भरून आणा.