पॅरिसमधले ‘वांदे’
फ्रेंचचा ‘अँपारफे’ काळ शिकायचाय? पुस्तक मिटा, पॅरिसच्या ‘ले आल’मध्ये या. १९६९ साली इथला घाऊक बाजार रंजिसला हलला. आता जमिनीखाली मॉल अन् मेट्रो. कॅफेत शेजारचे आजोबा मला म्हणाले, ‘‘वडील इथे कोबी विकायचे.’’ विकायचे, म्हणजे फ्रेंचमध्ये चक्क ‘वांदे’! फंडा सोपाय. ‘आम्ही विकतो’चं ‘नू वांदों’ घ्या, शेवटचं ‘ओं’ काढा, ‘ए’ जोडा. मी, तू, तो, ते : चौघांचा उच्चार एकच. मूळ बदलणारं क्रियापद एकच, ‘एत्र्’ म्हणजे असणं. आपल्या ‘विकायचे, जायचे’सारखाच हा काळ सवय सांगतो, शेवट सांगत नाही. बाजार गेला, वडीलही गेले. आजोबांच्या वाक्यात मात्र पहाटेचा कोबी अजून उतरतोय.