हेन्रिक लार्सन घरी परतला, त्याचं पुढे काय झालं

क्रीडा पानासाठी वृत्तसंस्थेच्या बातम्या कापून-जोडून मी वीसेक वर्षं काढली. तालुक्याच्या पेपरात फुटबॉलला जागा ती किती, दीड कॉलम. त्यात मेस्सी-रोनाल्डो बसवले की संपलं. त्यामुळे हेन्रिक लार्सनवर मला हवं तसं कधी लिहिताच आलं नाही. इथे संपादक नाही, जागेची मर्यादा नाही, म्हणून लिहितोय. फुटबॉल न बघणाऱ्यांनीही वाचा, कारण विषय निव्वळ खेळाचा नाही. आपला माणूस आणि त्याच्यावर आपला हक्क किती, हा आहे.

हेलसिंगबोर्ग हे स्वीडनच्या दक्षिण टोकाचं बंदराचं शहर. समोर चिंचोळी खाडी, पलीकडे डेन्मार्क. लार्सन तिथलाच, जन्म १९७१ चा. वडील केप वर्दे बेटांवरून आलेले, आई स्वीडिश. आडनाव आईचं लावलं. तिथल्या समाजात पोराला सोपं जावं म्हणून, असं सांगतात. (आडनाव ऐकून माणूस जोखायची सवय फक्त आपल्याकडेच आहे असं वाटत असेल, तर तो गैरसमज काढून टाका.)

सुरुवात होगाबोर्ग या छोट्या स्थानिक क्लबात. फुटबॉलवर पोट भरत नव्हतं, म्हणून फळांच्या पॅकिंगचं काम करत तो खेळायचा. १९९२ मध्ये शहराच्या मोठ्या क्लबाने, हेलसिंगबोर्गने, त्याला घेतलं. हा क्लब १९६८ मध्ये वरच्या साखळीतून, म्हणजे ऑल्सवेन्स्कानमधून, खाली घसरला होता. चोवीस वर्षं वर येता येईना. एक अख्खी पिढी वाट बघत म्हातारी झाली म्हणा ना. लार्सनने पहिल्याच हंगामात ३१ सामन्यांत ३४ गोल मारले आणि क्लब वर आला. पुढच्या वर्षी वरच्या साखळीतही १६ गोल. मग हॉलंडच्या फेयेनूर्डने त्याला उचललं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. १९९४ च्या वर्ल्डकपचं ब्राँझ. स्कॉटलंडच्या सेल्टिकमध्ये सात वर्षं आणि २४२ गोल. मग बार्सिलोना. २००६ ची चॅम्पियन्स लीगची फायनल आठवा. आर्सेनल एका गोलने पुढे, लार्सन बदली म्हणून आत आला आणि बार्सिलोनाच्या दोन्ही गोलांचे पास त्याचे. हरलेल्या थिएरी ऑन्रीने सामन्यानंतर सांगितलं की सगळे रोनाल्डिन्हो आणि एटोचं नाव घेतात, पण सामना फिरवला तो लार्सनने.

खरं तर तेव्हा त्याला अजून दोन वर्षं मोठ्या पैशात कुठेही खेळता आलं असतं. पण हंगाम संपल्यावर घरी जाणार, हे त्याने आधीच जाहीर केलं होतं. आणि गेला. युरोपचा विजेता थेट हेलसिंगबोर्गमध्ये! त्याच वर्षी क्लबाने स्वीडिश कप जिंकला. स्वीडनची साखळी वसंतात सुरू होते आणि थंडीत बंद असते. त्या सुट्टीत, २००७ च्या सुरुवातीला, तो मँचेस्टर युनायटेडकडून उसना खेळला. अलेक्स फर्ग्युसनला तो अजून हवा होता. पण मार्चमध्ये परत येतो असा शब्द क्लबाला दिलेला, म्हणून तो परतला. २००९ पर्यंत खेळला. ऑल्सवेन्स्कानचं विजेतेपद मात्र खेळाडू म्हणून त्याला कधीच मिळालं नाही. क्लबाने ते १९९९ मध्ये आणि २०११ मध्ये जिंकलं, दोन्ही वेळा तो संघात नव्हता. याला नशीब म्हणायचं.

बातमी म्हणून गोष्ट इथे संपते. गावचं पोरगं मोठं झालं, परत आलं, टाळ्या. आपण पत्रकार इथेच पूर्णविराम देतो.

पण २०१५ मध्ये तो हेलसिंगबोर्गचा प्रशिक्षक झाला आणि त्याचा मुलगा जॉर्डन त्याच संघात फॉरवर्ड. २०१६ चा हंगाम वाईट गेला. साखळीत टिकण्यासाठी हाल्मस्टाडशी दोन सामन्यांची लढत आली. पहिला बरोबरीत. दुसरा घरच्या मैदानावर, त्यात शेवटच्या टप्प्यात जॉर्डननेच गोल मारून क्लबाला पुढे नेलं. सुटलो, असं वाटत असतानाच हाल्मस्टाडने अखेरच्या मिनिटांत दोन गोल केले आणि क्लब खाली गेला. तोंड झाकलेली माणसं मैदानात घुसली, त्यांनी जॉर्डनला गाठलं आणि त्याच्या अंगावरचा शर्ट ओढून फाडला. गोल मारणाऱ्या पोराच्या. बाप प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर. लार्सनने क्लब सोडला.

तरी २०१९ च्या जूनमध्ये क्लब पुन्हा अडचणीत असताना तो पुन्हा आला. ऑगस्टमध्ये राजीनामा. काही समर्थक खेळावर बोलत नव्हते, वैयक्तिक शिवीगाळ करत होते, आणि ते सहन करत राहायची त्याची तयारी नव्हती.

आता यातली गुंतागुंत बघा. स्वीडनमध्ये क्लब शेठचा नसतो, सभासदांचा असतो. मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिलं पाहिजे, हा ५१ टक्क्यांचा नियम तिथे आहे. वार्षिक सभेत सामान्य समर्थक हात वर करून मत देतो. २०२४ मध्ये व्हीएआर नको असं तिथे ठरलं, तेही समर्थकांच्या दबावातूनच. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. आपल्याकडे आयपीएलचा संघ कोणाचा, हे विचारायचीही सोय नाही. आमच्या इथल्या साध्या क्रीडा मंडळाची सर्वसाधारण सभा कधी झाली ते अध्यक्षांनाच माहीत. म्हणून मालकी लोकांची असावी, याच्या मी बाजूनेच आहे. पण क्लबाची मालकी ही माणसाची मालकी नव्हे. सभेत उभं राहून 'प्रशिक्षक बदला' म्हणणं हा हक्क आहे. ते म्हणायला तोंड झाकावं लागत नाही.

आणि हे म्हणे प्रेमापोटी होतं. आमच्याकडच्या स्पर्धांतही हरल्यावर पोराच्या आई-बहिणीपर्यंत जाणारी मंडळी प्रेमाचंच नाव सांगतात. परक्याला एवढं कोणी बोलत नाही. जो घरी परत आला त्यालाच बोलता येतं, कारण तो हाताला लागतो. लार्सन बार्सिलोनातच राहिला असता तर हेलसिंगबोर्गमध्ये त्याचं नुसतं कौतुक झालं असतं.

क्लब त्यानंतर वर-खाली होत राहिला, २०२२ च्या हंगामाअखेर पुन्हा खाली गेला. जॉर्डन त्या शर्टाच्या प्रकारानंतर हॉलंडला गेला होता. २०१८ मध्ये तो स्वीडनच्या साखळीत खेळायला परत आला. पण हेलसिंगबोर्गला नाही, नॉरशॉपिंगला.