आधी केसपेपर काढ

चि. लाडक्या भाचीस,


तीन आठवड्यांपासून खोकला आहे आणि रूममेटकडची लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केली आहेस, असं तू फोनवर अगदी सहज सांगितलंस. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी शिकलं की प्रत्येक दुखण्यावर गोळीचं नाव आठवू लागतं. पण गोळी ठाऊक असली म्हणजे आजार कळला असं नाही. तुम्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना वेळ नसतो, ओपीडीत ओळखीच्या सरांपुढे पेशंट म्हणून बसायचा संकोच वाटतो, परीक्षा तोंडावर असते. हे सगळं मला समजतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या घरात असताना, पाणी न पिता डोकेदुखीवर डायक्लोफेनॅक घेणारी मुलंही तुमच्यातलीच. त्यांची किडनी काही पुस्तक वाचून स्वतःला सांभाळत नाही.

तुझ्या खोकल्याची भीती मात्र वेगळी आहे. वॉर्डात तुम्ही टीबीच्या रुग्णांजवळ उभे राहता. खोकला टीबीचा असेल, तर लिव्होफ्लॉक्सासिनने काही दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडेनासे होतात, निदान लांबतं. तोवर खोलीतल्या मुलींना लागण होऊ शकते. शिवाय नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर हेच औषध हाताशी असतं. जंतूंना त्याचीच सवय झाली, तर पुढे द्यायचं काय? अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

2014 पासून लिव्होफ्लॉक्सासिन औषधांच्या एच-1 यादीत आहे. तुमची झोपेची अल्प्राझोलामही त्याच यादीत. या यादीतलं औषध विकताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. रूममेटने दिलेल्या गोळीची नोंद कुठेच होत नाही, आणि रिअ‍ॅक्शन आली तर तपासणाऱ्याला धागादोरा सापडत नाही.

उद्या तुझ्या खेड्यातल्या रुग्णाला ‘मनाने गोळ्या घेऊ नका’ असं तूच सांगणार आहेस. ते तुझ्या तोंडी खरं वाटायला हवं.

सकाळी उठून केसपेपर काढ. थुंकी तपासायला दे. सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते. किती गोळ्या घेतल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नकोस. रिपोर्ट आला की लगेच मला फोन कर.

तुझी,
मावशी