खोपट ते कौसा : मिनिटांचा हिशेब

सकाळी सहाला खोपटच्या एसटी स्टँडबाहेर चहा घेत उभे राहिले की दोन तऱ्हेचे प्रवासी दिसतात. एक, रात्रभर बसून कोकणातून आलेले. पायाशी पिशव्या, डोळ्यांत झोप. दुसरे, हातात डबा घेऊन त्यांच्यामधून वाट काढत ठाणे स्टेशनकडे निघालेले. पहिले निवांत असतात, कारण त्यांचा प्रवास संपलेला असतो. दुसऱ्यांना सलामालाही थांबायला फुरसत नसते.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वीपर्यंत या दुसऱ्यांमध्ये होता. आमच्या दोन खोल्यांत सात माणसे. कौशाला ऐपतीत बसणारे घर मिळाले आणि तो बायको-मुलीला घेऊन तिकडे गेला. रेल्वेच्या हिशेबाने ठाणे मुंबईपासून ३४ किलोमीटर, मुंब्रा ४०. सहा किलोमीटरची ती काय कथा, असे अब्बाही म्हणाले.

खोपटहून चालत स्टेशन आणि पुढे मस्जिद बंदर, असा त्याला सव्वा तास लागे. आता कौशाहून मुंब्रा स्टेशनपर्यंत रिक्षाची वीस मिनिटे, चढता येईल अशा गाडीची दहा मिनिटे वाट, मग धिमी लोकल. एकूण शंभर मिनिटे. सहा किलोमीटर वाढले आणि जाताना पंचवीस, येताना पंचवीस अशी रोजची पन्नास मिनिटे गेली.

गंमत म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हा तिला ५७ मिनिटे लागल्याचे सांगतात. आजची धिमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते. फरक एवढाच की त्या दिवशी १४ डब्यांत ४०० पाहुणे बसून आले होते. आज तितकी माणसे दोन डब्यांतच असतात, आणि काही तर दाराबाहेर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसे पडली, काहींचा जीव गेला. त्या सकाळी भावाचा फोन लागेपर्यंत अम्मी मुसल्यावरून उठल्या नाहीत.

शहराशहरांच्या प्रवासाची तुलना करणारे आकडे मी आवडीने वाचतो. २०२३ मध्ये टॉमटॉम या कंपनीने मोटारीने दहा किलोमीटर जायला लागणारा सरासरी वेळ काढला. लंडनच्या मध्यभागी ३७ मिनिटे २० सेकंद, बंगळुरूत २८ मिनिटे १० सेकंद, पुण्यात २७ मिनिटे ५० सेकंद, मुंबईत मात्र २१ मिनिटे २० सेकंद. पुण्याच्या मामूंना हे सांगितले तर ते म्हणाले, मग मुंबईकर उगीच रडतात. पण यात लोकल नाही, रिक्षाची रांग नाही, आणि घर कामापासून दहा किलोमीटरवर आहे की चाळीस, हेही नाही. अमेरिकेत सरकार लोकांना थेट विचारते, कामावर पोहोचायला किती मिनिटे लागतात? २०१९ मध्ये तिथली सरासरी एका वेळची २७.६ मिनिटे निघाली. आपल्या २०११ च्या जनगणनेने अंतर विचारले, वाहन विचारले, मिनिटे विचारली नाहीत. मुंब्र्याच्या माणसाला अंतर विचारणे म्हणजे उपवास किती तासांचा हे न विचारता सहरीला काय खाल्ले एवढेच विचारण्यासारखे आहे.

बरे, मिनिटे विचारली तरी सगळे कळेल असे नाही. माझी भावजय अंधेरीत नोकरीला होती. मुलीला नानीकडे सोडायचे, रिक्षा, मुंब्रा, घाटकोपरला उतरून मेट्रोचा जिना, पुन्हा रिक्षा. पूर्ण दोन तास. भावाची शंभर मिनिटे, तिची एकशेवीस. घराची सरासरी एकशेदहा. रमजानमध्ये तिचे बरेचसे इफ्तार लेडीज डब्यातच झाले. शेजारच्या डोंबिवलीच्या बाई तिच्यासाठी पाण्याची बाटली आठवणीने आणत, हे ती अजून सांगते. घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असे. गेल्या पावसाळ्यात तिने राजीनामा दिला.

आता कोणी येऊन विचारले, तर त्या घरात कामावर जाणारा एकच आणि सरासरी शंभर मिनिटे. कागदावर दहा मिनिटांची सुधारणा! नोकरी सुटलेली बाई कोणत्याच सरासरीत येत नाही. अशा बाया आमच्या ओळखीत मी मोजल्या, पाच निघाल्या. शिकलेल्या, कमावत्या, आणि नवऱ्यांनी नव्हे, वेळापत्रकाने घरी बसवलेल्या.

मागच्या रविवारी सगळे खोपटला जेवायला आले होते. भांडी आवरता आवरता भावजय म्हणाली, "भाईजान, ठाण्यात काही काम असेल तर बघा. पगार थोडा कमी चालेल, पण ठाण्याच्या पुढे नको."

मी तिथेच हिशेब मांडला. रिक्षा वीस मिनिटे, गाडीची वाट आणि लोकलचा प्रवास मिळून पंचवीस, चालत पंधरा. तासाभरात पोहोचशील, म्हटले.

"सव्वा तास," ती म्हणाली. "नानीकडे मुलगी निघू देत नाही, त्याची पंधरा मिनिटे तुम्ही धरलीच नाहीत."